हळू आवाजातलं गाऱ्हाणं

आमच्या चाळीत मिलिटरीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. कोणाचा मुलगा दहावीला नापास झाला, मिलिटरीत घाला. कोणाचा उलट उत्तरं देतो, मिलिटरीत घाला. मोबाइल सोडत नाही, आंघोळ करत नाही, पोरींच्या मागे फिरतो, सगळ्यांना हेच एक औषध. लालबागच्या ह्या तीन मजली चाळीतून आजवर एकही माणूस सैन्यात गेलेला नाही. पण सल्ले मात्र सगळे जनरल असल्यासारखे देतात.

माझा धाकटा भाऊ हितेंद्र, घरातला हितू, एमडी म्हणजे ती नाकात ओढायची नशेची पूड घेतो हे आम्हाला कळलं, ते आईला त्याच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये पुडी सापडली म्हणून. तिने ती माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "सलोनी, ह्या काय गो? दातांची पावडर?"

मला तिथेच रडू फुटलं. कारण कित्येक महिने मी बघत होते की तो जेवत नाही, झोपत नाही, नुसता जबडा चावत बसलेला असतो. मी दादरला साडीच्या दुकानात बिलिंगला बसते, दिवसभर माणसांची तोंडं वाचते, आणि घरातलं एक तोंड मला वाचता आलं नव्हतं.

हितूने नाकारलं नाही. मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, सुटत नाही गं. खूप ट्राय केलं."

"कोण देतं तुला?"

"नील."

नील शेजारच्या चाळीतला. आमच्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता, मिरवणुकीत सगळ्यात पुढे दोर धरणारा. बायकांना रांगेतून वाट काढून देणारा, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. मी म्हटलं पोलिसांत जाऊया, तर बाबा म्हणाले, आधी नाव तुझ्या भावाचा येतला.

बाबा म्हणजे राजेश तावडे. बेस्टमध्ये कंडक्टर आणि मंडळाचे सल्लागार. त्यातलं दुसरं त्यांना जास्त प्रिय. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि देवासमोर नारळ ठेवला.

आमच्याकडे कोकणात देवाला काही सांगायचं तर गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष नारळ ठेवून मोठ्या आवाजात सगळी हकिगत देवाच्या कानावर घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणतात. ते मोठ्यानेच घालायचं असतं. वाडीतल्या सगळ्यांनी ऐकायचं, साक्षीला उभं राहायचं, म्हणून तर ते गाऱ्हाणं. गावाला बाबांचा आवाज त्यासाठी प्रसिद्ध आहे, पलीकडच्या वाडीत ऐकू जातो म्हणतात. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी कुजबुजत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोराच्या डोक्यात जा काय वाईट शिरला आसात, ता भायर काढ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आई आणि मी पुटपुटलो. टीव्हीवर कोणीतरी बाई कुकरची जाहिरात करत होती, तिचा आवाज आमच्यापेक्षा मोठा होता. मला बाबांचा इतका राग आला होता की नारळ उचलून टीव्हीवर मारावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात दांडी मारली आणि हितूला सरकारी हॉस्पिटलच्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नेलं. तिथल्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, हा आजार आहे, भरती करा, काही आठवडे राहू दे, मग घरच्यांना बरोबर घेऊन उपचार चालू ठेवू. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"वेड लागला तुका?" बाबा म्हणाले. "केंद्रात घातला की शिक्को बसलो. लोकांका काय सांगू मी?"

"सांगा, आजारी आहे म्हणून."

"कसलो आजार, विचारतले ना!"

मग ज्याची मी वाटच बघत होते ते आलं. बाबा उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिलिटरीत घालूया."

मी किंचाळायचीच बाकी होते. पण हितूने मान वर केली. कित्येक दिवसांनी त्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं. "मला जायचंय," तो म्हणाला. "खरंच. इथे राहिलो तर मी मरेन, ताई. नाक्यावरून जाताना रोज तो उभा असतो."

मी मिलिटरीला नाही म्हणायचं सोडून दिलं.

परळच्या कामगार मैदानात शरच्चंद्र परब नावाचे निवृत्त हवालदार पोरांना भरतीसाठी तयार करायचे. मी हितूला त्यांच्याकडे घेऊन गेले आणि खरं ते सांगून टाकलं, कारण मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. परबकाका ऐकून घेतल्यावर हितूकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले.

"पोरी, फौज म्हणजे लाँड्री नाही. मळका शर्ट टाकला आणि इस्त्री करून घेतला, असं नसतं. तिकडे बंदूक देतात हातात. नशा करणारा पोरगा शेजारी असला तर दुसऱ्या कोणाच्या तरी आईचा मुलगा मरतो. ह्याला आधी सोडायला लाव, डॉक्टरकडे ने. ते चालू ठेवणार असशील तर उद्यापासून पाठव."

एवढं शहाणपणाचं बोलणं मी तोवर एकाही पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या पोरांना बनियन काढायला लावली, अंग तपासलं आणि दम भरला. कान फुटलेला चालत नाही, तळवा सपाट चालत नाही, अंगावर गोंदण चालत नाही. हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत चालतं, बाकी कुठेही दिसलं की बाहेर. हे सगळं मला हितूने फार नंतर सांगितलं. तेव्हा मी मैदानाच्या कठड्यावर बसून पेंगत होते.

कारण मी रोज त्याच्याबरोबर जात होते. नाक्यावरून त्याला एकट्याने जाऊ द्यायची माझी हिंमत नव्हती. पहाटे मीच त्याला उठवायची. पहिले काही आठवडे वाईट गेले. तो धावताना मध्येच बसायचा, ओकायचा, मला शिव्या द्यायचा. एकदा त्याने माझा हात एवढ्या जोरात झटकला की बांगडी फुटली. दर शुक्रवारी मी त्याला ओपीडीत न्यायची आणि घरी सांगायची, भरतीच्या लेखीचा क्लास आहे. बाबांनी कधी विचारलंही नाही की क्लास हॉस्पिटलच्या गेटसमोर कसा.

हळूहळू तो जेवायला लागला. दोन भाकऱ्या, मग तीन. जबडा चावणं थांबलं. आई त्याच्या ताटात बांगडा वाढायची आणि काटे काढून झाले तरी त्याच्याकडे बघत बसायची. मला कबूल करावंसं वाटत नव्हतं, पण सैन्याचं ते खूळ त्याला लागू पडत होतं. सैन्याने त्याला अजून बोटही लावलं नव्हतं. पण उद्या सकाळी धावायचंय, एवढी एक गोष्ट त्याच्याकडे होती, आणि ती नाकात पूड ओढून जमत नव्हती.

वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती, म्हणजे संधी एकच. लेखी परीक्षा तो पास झाला. बाबांनी चाळीत पेढे वाटले. 'झील मिलिटरीत जाता' असं ते आपल्या मुलाबद्दल बसमधल्या पॅसेंजरलाही सांगत असावेत. भरती अग्निवीरची होती, म्हणजे चारच वर्षांची नोकरी, हे ते कोणालाच सांगत नव्हते.

मग मैदानी चाचणीच्या थोडे दिवस आधी एका संध्याकाळी हितू उशिरा आला. नाक्यावर नीलने त्याला अडवलं होतं, पाऊण तास सोडलं नव्हतं. हितूने काही घेतलं नव्हतं. मी त्याचे डोळे पाहिले, मला आता ते वाचता येत होते. पण बाबांनी ऐकलं नाही. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुलदेवीची घ्यायला लावली, तरी त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना त्यांनी त्याला दादरला नेलं, आणि मी घरी आले तर हितू उघडा बसलेला, छातीवर प्लॅस्टिक चिकटवलेलं, आणि त्याच्याखाली लालभडक कातडीवर गोंदलेला आमच्या मंडळाचा गणपती. तळहाताएवढा. खाली अक्षरं, 'शपथ'.

"आता अंगावर देव आसा," बाबा म्हणाले. "आता घे बघू काय घेतंस ता."

शेजारपाजारची माणसं बघायला आली. बाबा छातीवरचं प्लॅस्टिक वर करून दाखवत होते. मंडळातल्या एकाने मोबाइलवर फोटो काढला आणि डोळे मिटून त्याच्या छातीला हात लावून नमस्कार केला. मला किळस आली. मी म्हटलं, "माणूस आहे का मंडप आहे तो?" बाबांनी मला गप्प केलं. हितूने माझ्याकडे एकदा बघितलं आणि शर्टासाठी हात पुढे केला. मला वाटलं, दुखत असेल.

चाचणीसाठी तो ठाण्यापलीकडे कुठेतरी गेला. बाकीच्या पोरांबरोबर, परबकाकांच्या गाडीतून, बरोबर आईने दिलेले लाडू. पहिल्या दिवशी दुपारी फोन आला. "ताई, दौड पास! पहिल्या ग्रुपमध्ये आलो!" मी दुकानात बिलाच्या मशीनसमोर उभी राहून रडले. समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, काय झालं? मी म्हटलं, भाऊ धावला.

मेडिकल दुसऱ्या दिवशी होतं. पण मी संध्याकाळी घरी आले तेव्हा चाळीच्या गेटवर बॅनर लागलेला होता.

'चि. हितेंद्र राजेश तावडे यांची भारतीय सैन्यात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्ये हितू. म्हणजे हितूचं तोंड, कॉलेजच्या आयकार्डावरचं, आणि त्याखाली कुठल्यातरी धिप्पाड जवानाचं धड, हातात बंदूक, मागे बर्फाचे डोंगर. मान इतकी वाकडी चिकटवलेली की बघवत नव्हतं. आणि खाली, जशी असतातच, शुभेच्छुकांची तोंडं ओळीने. मंडळाचे अध्यक्ष, सचिव, बाबा. आणि बाबांच्या शेजारी गॉगल लावून हात जोडलेला नील.

मी जिने दोन दोन पायऱ्यांनी चढले.

"बाबा, तो नील तिथे काय करतोय?"

बाबा चहा पीत होते. "तेनाच बॅनर लावल्यान. सगळो खर्च तेचो."

"तो कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला? हितूने सांगितलं होतं. तुमच्यासमोर सांगितलं होतं!"

"गप बस गो. हळू बोल." बाबांनी दाराकडे बघितलं. "नको म्हटला असता तर लोकांनी विचारला असता, कित्या नको. काय सांगणार होतंय मी?"

"आणि मेडिकल उद्या आहे. निवड झालेलीच नाही अजून!"

"होतली. देवाच्या कृपेन."

मी दाराकडे वळले आणि तिथेच थांबले. का, तर आईने माझा हात धरला होता. आज वाटतं, तिथेच खाली जाऊन फाडायला हवा होता. ज्या माणसाने माझ्या भावाला वर्षभर थोडं थोडं मारलं, तो माझ्या बापाच्या खांद्याला खांदा लावून माझ्या भावाचं अभिनंदन करत होता, आणि सगळी चाळ त्याच्याखालून ये-जा करत होती.

हितू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्याच्याबरोबर परबकाका होते. काका आमच्या घरी कधीच आले नव्हते, म्हणून मला ते आत येण्याआधीच कळलं. काका खुर्चीवर बसले नाहीत. दारातच उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "गोंदण कोणी काढायला लावलं?"

बाबांना समजेना. "काय झाला?"

"बाहेर काढला त्याला. सगळं पास झालं होतं. डोळे, कान, छाती, सगळं. बनियन काढली आणि डॉक्टरने एक नजर टाकली. संपलं." काकांचा आवाज चढत नव्हता, तेच भीतिदायक होतं. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ह्याला."

"अहो, पण गणपती आसा तो!" बाबा म्हणाले. ते खरोखर चकित झाले होते. "देवाक कोण भायर काढतलो?"

"तिकडे गणपती बघत नाहीत, नियम बघतात. मशीनने काढून घेतलं तरी खूण राहते. आणि पुढच्या खेपेला वय बसत नाही." मग काका हितूकडे वळले. "मला का नाही बोललास रे? रोज फुल टी-शर्ट घालून धावत होतास माझ्यासमोर."

"तेव्हा काढून झालं होतं, काका," हितू म्हणाला. "वाटलं, सोडतील कदाचित."

काका गेले. जाताना त्यांनी हितूच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, मैदान बंद नाही झालेलं. दार लागल्यावर मी हितूला विचारलं, "तुला माहीत होतं? मग काढू कसं दिलंस?"

तो मोरीच्या त्याच उंबऱ्यावर बसला होता. "मी बोललो बाबांना. दुकानात खुर्चीवर बसवलं तेव्हा बोललो, काका नको म्हणालेत, ह्याच्यावरून काढतात. तर बाबा बोलले, नको म्हणतोस म्हणजे परत घ्यायचंय तुला. त्या दुकानदारासमोर. मग मी काय करू? नाही म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी तेच धरलं असतं. म्हटलं, काढा."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली. माझ्या भावाने धावून धावून फुप्फुसं परत मिळवली होती, आणि ह्या माणसाने त्याच्या छातीवर देवाचा शिक्का मारून त्याला दारातून परत आणला होता. आणि का? तर चारचौघांना दाखवता येईल अशी शपथ पाहिजे होती म्हणून. ओपीडीचा कागद चारचौघांना दाखवता येत नव्हता.

बाबांनी उठून खिडकी लावली. मग जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"ह्या खोलीच्या भायर काय जाता कामा नये. उद्या सकाळी मी तेका गावाक नेऊन सोडतंय. हय सांगूया, ट्रेनिंगाक गेलो. सहा म्हयने, वर्ष. मग बघू."

"गावाला कोण आहे? तिथे डॉक्टर कुठे आहे? बाबा, आज त्याला सगळ्यात जास्त गरज आहे!"

"मग काय करू? भायर बॅनर लागलो हा!"

हितू उठला. गॅलरीत जाऊन खाली बघायला लागला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. गेटवर नील उभा होता, बॅनरच्या बरोबर खाली, दोन पोरांशी हसत. त्याने वर बघितलं आणि हात कपाळाला लावून कडक सलाम ठोकला. "जय हिंद, फौजी! पार्टी कधी?"

हितूचा जबडा हलला. आधीसारखा. तो हळूच म्हणाला, "ताई, गावाला नको पाठवू देऊस. मी तिथे एका दिवसात काहीतरी शोधीन. आणि हा बॅनर काढ. मला त्या नीलच्या शेजारी नाही राहायचं."

"सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

मी घरात वळले. आई ओट्याजवळ उभी होती. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती, इतकी वर्षं बोलली नव्हती म्हणा ना. तिने मांडणीच्या वरून नारळ फोडायची कोयती काढली आणि माझ्या हातात दिली. मग स्टूल उचललं. "चल," ती म्हणाली. "तुझो हात पोचूचो नाय. मी धरतंय."

बाबा ओरडले, "सीमा! खय चाललंस?" ती वळली नाही.

चाळीचा चौक त्या वेळी भरलेला होता. नळाला पाणी आलं होतं, बायका कळशा घेऊन उभ्या होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती. आईने गेटपाशी स्टूल ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि मी कोयती घेऊन चढले. नील पुढे आला. "ए सलोनीताई, काय करतेस? माझा खर्च झालाय त्याच्यावर."

"मागे हो," मी म्हटलं. कोयती माझ्या हातात होती. तो मागे झाला.

मी एका बाजूची सुतळी कापली. बॅनर अर्धा खाली लोंबला, वाकड्या मानेच्या हितूचं तोंड जमिनीकडे गेलं. क्रिकेट थांबलं. वरच्या गॅलरीतून माणसं वाकली. कोणीतरी म्हणालं, "काय गो, काय झाला?" मी स्टुलावर उभी, सगळी तोंडं माझ्याकडे, आणि राग एवढा की साधं वाक्य फुटेना. मग जे लहानपणापासून ऐकत आले होते तेच तोंडातून आलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. मी घातलं, बाबा गावाला घालतात तेवढ्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! हो पोरगो मिलिटरीत गेलो नाय रे म्हाराजा!"

नळाखालची कळशी भरून वाहायला लागली. मग खालून, माझ्या पायांजवळून, स्टूल धरलेल्या आईचा आवाज आला.

"होय म्हाराजा."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, पण ते माझं नव्हतं. मी जिन्याकडे बघितलं. हितू खाली येऊन शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. "वर्षभर एमडी घेत होतो," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने परत म्हटलं, मोठ्याने. "मी एमडी घेत होतो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," आई म्हणाली. ती रडत होती, पण स्टूल हललं नाही.

मी कोयतीचं टोक बॅनरवरच्या गॉगलवर टेकवलं. "आणि ती विकणारो ह्या फोटोत आसा रे म्हाराजा!"

नील हसला. "काय ड्रामा आहे यार," म्हणून त्याने आजूबाजूला बघितलं, नेहमीसारखं कोणीतरी त्याच्याबरोबर हसेल म्हणून. कोणी हसलं नाही. नळापाशी पहिल्या मजल्यावरच्या राधाबाई उभ्या होत्या. त्यांचा नातू गेले कित्येक महिने 'मामाकडे' आहे, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली.

"होय म्हाराजा," राधाबाई म्हणाल्या.

मग दुसऱ्या मजल्यावरून एक आवाज आला. मग जिन्याखालून एक. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! प्रत्येक घरात टीव्हीचा आवाज वाढवून कोणीतरी कुजबुजत होतं, आणि सगळे ह्या गॉगलवाल्या तोंडाखालून जात-येत होते. मला दिलासा नाही वाटला. मला सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नील गेटमधून बाहेर पडला, पळाला नाही, चालत गेला, पण त्याने मागे बघितलं नाही.

गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य मागण्याचं असतं. मी दुसरी सुतळी कापली, बॅनर खाली पडला, आणि मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर बाबा गॅलरीचा कठडा धरून उभे होते. सगळ्या गॅलऱ्यांतली माणसं आता त्यांच्याकडे बघत होती.

"उद्या सकाळी ह्या पोराक हॉस्पिटलात भरती करूक त्याचो बापूस स्वतः येऊ दे रे म्हाराजा!"

आई गप्प राहिली. राधाबाई गप्प राहिल्या. हितू मान वर करून बघत होता. ह्याला उत्तर द्यायचं एकाच माणसाचं होतं, हे सगळ्यांना कळलं होतं.

बाबांचे ओठ हलले. दोनच शब्द असावेत, पण नारळ ठेवला त्या संध्याकाळसारखेच, कुजबुजत, शेजारच्या खोलीलाही ऐकू जाणार नाहीत असे.

"मोठ्यान!" मी खालून ओरडले. "मोठ्यान बोला, बाबा!"